लेखकाच्या वेळेला जामीन : जेम्स ब्रँड पिंकर (१८६३–१९२२)

१

वाङ्मयेतिहासाची मांडणी बहुधा लेखक, कृती आणि प्रवृत्ती या तीन घटकांभोवती केली जाते. लेखकाच्या टेबलावरून निघालेले हस्तलिखित वाचकाच्या हाती पडेपर्यंत ज्या माणसांच्या आणि व्यवहारांच्या साखळीतून जाते, त्या साखळीची दखल फार तर तळटीपेत घेतली जाते. साहित्यव्यवहाराचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाल्यानंतर प्रकाशक, मुद्रक, ग्रंथविक्रेते आणि नियतकालिकांचे संपादक यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. परंतु लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये उभा असलेला साहित्य-प्रतिनिधी, म्हणजेच इंग्रजी साहित्यव्यवहारातील लिटररी एजंट, आपल्याकडील चर्चेत क्वचितच येतो. ही संस्था मराठीत रुजली नाही, हे त्याचे एक उघड कारण होय.

जेम्स ब्रँड पिंकर हा या संस्थेच्या पहिल्या पिढीतील एक प्रमुख पुरुष. १८९६ ते १९२२ या सव्वीस वर्षांच्या काळात हेन्री जेम्स, जोसेफ कॉन्रॅड, स्टीफन क्रेन, आर्नल्ड बेनेट, डी. एच. लॉरेन्स आणि जेम्स जॉइस हे सर्व लेखक कधी ना कधी त्याच्या कार्यालयाशी जोडले गेले होते. आधुनिक इंग्रजी कादंबरीच्या घडणीचा विचार करताना ही यादी योगायोगाची मानता येत नाही. पिंकर स्वतः लेखक नव्हता. त्याने कोणताही वाङ्मयीन सिद्धान्त मांडला नाही. हस्तलिखिते विकणे आणि विक्रीच्या रकमेवर दहा टक्के दलाली घेणे हा त्याचा व्यवसाय होता. पण या व्यवसायाला त्याने आणखी एका गोष्टीची जोड दिली. जे लिहून झालेले नाही, त्याच्या भरवशावर तो लेखकाला पैसे देऊ लागला. तो विकत होता लेखन. परंतु लेखकाला मिळवून देत होता तो वेळ. या एका गोष्टीमुळे त्याचे चरित्र साहित्यव्यवहाराच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरते, आणि त्या गोष्टीची दोन्ही पक्षांना चुकवावी लागलेली किंमतही त्या चरित्रातूनच स्पष्ट होते.

२

पिंकरच्या कार्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी त्याच्या आधीची परिस्थिती पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लेखक आपल्या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाला एकरकमी विकून टाकी, अथवा नफ्यात निम्मा वाटा घेण्याचा करार करी. दुसऱ्या प्रकारात खर्चाचा हिशेब प्रकाशकच मांडत असल्यामुळे वाटण्याजोगा नफा पुष्कळदा उरतच नसे. या परिस्थितीविरुद्ध कादंबरीकार वॉल्टर बेझंटच्या पुढाकाराने १८८४ मध्ये लेखकांची संघटना स्थापन झाली. १८८६ च्या बर्न करारामुळे लेखनाच्या हक्काला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळू लागली. १८९१ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून परदेशी लेखकांना, काही अटींवर, तेथे हक्कसंरक्षण दिले. त्यामुळे इंग्रज लेखकाला अमेरिकेतही रीतसर मोबदला मिळण्याचा मार्ग खुला झाला. १८९४ नंतर तीन खंडांत कादंबरी काढण्याची जुनी रीत मोडली, आणि त्याच दशकात स्वस्त सचित्र मासिकांची भर पडून कथांना मोठी मागणी निर्माण झाली.

या बदलांचा एकत्रित परिणाम असा झाला की, एकाच कथेचे अनेक हक्क निर्माण झाले. ब्रिटिश मासिकातील क्रमशः प्रकाशन, अमेरिकन मासिकातील क्रमशः प्रकाशन, दोन्ही देशांतील पुस्तकरूप, हिंदुस्थानासारख्या वसाहतींसाठी निघणारी स्वस्त आवृत्ती, युरोप खंडासाठीची आवृत्ती, भाषांतर आणि नाट्यरूपांतर अशा प्रत्येक हक्काला स्वतंत्र गिऱ्हाईक आणि स्वतंत्र किंमत होती. मासिके हजार शब्दांमागे दर ठरवीत. हा सारा बाजार सांभाळणे एकट्या लेखकाच्या आवाक्याबाहेरचे होते. ही निकड अलेक्झांडर पोलक वॉट या स्कॉटिश गृहस्थाने प्रथम हेरली. त्याने दहा टक्के दलालीची प्रथा रूढ केली. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग, तसेच आर्थर कॉनन डॉयल यांसारखे लोकप्रिय लेखक त्याच्याकडे होते. प्रकाशकांना मात्र हा मधला माणूस मुळीच रुचला नाही. विल्यम हाइनमन या प्रकाशकाने १८९३ मध्ये एजंटांवर जाहीर टीका केली. लेखक आणि प्रकाशक यांच्यातील जिव्हाळ्याचे नाते हा नवा माणूस तोडतो, असा प्रकाशकांचा एकंदर सूर होता. वस्तुतः ज्या नात्यात एका पक्षाला बाजारभाव ठाऊक असतो आणि दुसऱ्याला नसतो, त्याला जिव्हाळ्याचे म्हणावे काय, हा प्रश्न एजंटाच्या अस्तित्वानेच उभा केला होता.

३

पिंकरचा जन्म १८६३ चा. त्याचे औपचारिक शिक्षण फारसे झालेले नव्हते. लंडनजवळच्या टिल्बरी गोदीत कारकुनी करून त्याने उपजीविकेस आरंभ केला. पुढे तो तुर्कस्तानात गेला आणि कॉन्स्टँटिनोपलहून निघणाऱ्या ‘लेव्हंट हेरल्ड’ या इंग्रजी वृत्तपत्रात त्याने पत्रकारिता केली. लंडनला परतल्यावर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या सचित्र साप्ताहिकात तो सहायक संपादक झाला. प्रकाशनसंस्थेसाठी हस्तलिखिते वाचून अभिप्राय देण्याचे कामही त्याने केले, आणि ‘पिअर्सन्स मॅगझीन’शी त्याचा काही काळ संबंध आला. जानेवारी १८९६ मध्ये त्याने लंडनच्या स्ट्रँड भागातील अरुंडेल स्ट्रीटवर स्वतःचे कार्यालय थाटले, तेव्हा तो तेहतीस वर्षांचाही झालेला नसावा.

ही पूर्वपीठिका त्याच्या पुढील यशाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संपादकाच्या खुर्चीत बसल्यामुळे कोणत्या मासिकाला कोणत्या प्रकारची कथा हवी असते, संपादक किती पैसे देऊ शकतो आणि प्रत्यक्षात किती देऊ पाहतो, हे त्याला आतून माहीत होते. वॉटकडे बहुतेक प्रस्थापित लेखक होते. पिंकरने आपला मोर्चा नव्या आणि धडपडणाऱ्या लेखकांकडे वळवला. एच. जी. वेल्स हा त्याच्या अगदी आरंभीच्या अशिलांपैकी एक. त्यानंतर एडिथ समरव्हिल आणि व्हायोलेट मार्टिन या दोन आयरिश लेखिका आल्या. क्रीडाविषयक ‘बॅडमिंटन मॅगझीन’साठी त्यांनी कथा लिहाव्यात, अशी सूचना पिंकरने केली. त्यातून १८९८ पासून जी कथामाला प्रसिद्ध झाली, ती १८९९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि आयर्लंडमधील विनोदी लेखनाचा एक टिकाऊ नमुना ठरली. केवळ तयार माल विकणे एवढेच एजंटाचे काम नसते. योग्य मागणी योग्य लेखकापर्यंत पोचवून तो निर्मितीस निमित्तही ठरू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

स्टीफन क्रेन या तरुण अमेरिकन लेखकाच्या बाबतीत मात्र त्याला आपल्या व्यवसायाची दुसरी बाजू अनुभवावी लागली. क्रेन १८९९ च्या आरंभापासून ससेक्समधील एका जुन्या वाड्यात राहत होता. त्याच्यामागे देणेकरी लागले होते, आणि त्याला क्षयाने ग्रासले होते. तो कथा पाठवी आणि तिच्याबरोबरच तातडीने पैसे पाठवण्याची विनंतीही करी. कथा विकली जाण्याची वाट पाहण्याइतकी सवड त्याला नव्हती. पिंकरने त्याला कथांच्या भरवशावर रकमा दिल्या. क्रेनने शेवटच्या दीड वर्षात प्रचंड वेगाने लिहिले. त्यातील बरेचसे लेखन घाईचे होते. जून १९०० मध्ये जर्मनीतील बाडेनवायलर येथे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. उचल लेखकाला जगवते, पण त्याच वेळी त्याला लिहिण्याच्या चरकालाही जुंपते, हा धडा पिंकरच्या कारकिर्दीच्या आरंभीच गिरवला गेला.

४

आर्नल्ड बेनेट आणि हेन्री जेम्स या दोघांशी पिंकरचे संबंध परस्परविरुद्ध टोकांचे असले, तरी दोन्ही बाबतींत त्याची व्यावसायिक दृष्टी सारखीच दिसते.

बेनेट हा व्यवहारी माणूस. लेखन हा एक धंदा आहे आणि तो नियमाने करावयाचा असतो, असे तो उघडपणे मानी. दररोज किती शब्द लिहिले याची तो नोंद ठेवी. १९०१ मध्ये तो पिंकरकडे आला. १९०३ नंतर तो फ्रान्समध्ये राहू लागला, तेव्हा पिंकरने त्याला दरमहा ठरावीक रक्कम देण्याची व्यवस्था केली. बेनेट त्या काळात हलक्याफुलक्या, खपाऊ कादंबऱ्या लिहीत होता. परंतु त्याच्या मनात एका मोठ्या कादंबरीचा आराखडा होता. ‘द ओल्ड वाइव्ह्ज टेल’ ही ती कादंबरी १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा खप आरंभी बेताचाच होता. काही काळाने तिची थोरवी मान्य झाली आणि १९११ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या बेनेटचे तेथे मोठे स्वागत झाले. त्यानंतर तो आपल्या काळातील सर्वाधिक मिळकत असलेल्या लेखकांपैकी एक बनला. पिंकरने दिलेली उचल येथे व्यवहाराच्या दृष्टीनेही पूर्णपणे सार्थ ठरली. बेनेट वेळेवर हस्तलिखित देई, आणि पिंकर वेळेवर पैसे देई. त्यांचा पत्रव्यवहार पुढे स्वतंत्र खंडरूपाने प्रसिद्ध झाला, आणि लेखनाच्या अर्थकारणाचा एक अमोल दस्तऐवज म्हणून तो आज अभ्यासकांना उपलब्ध आहे.

हेन्री जेम्स १८९८ मध्ये पिंकरकडे आला, तेव्हा त्याची कीर्ती मोठी पण वाचकवर्ग आटत चाललेला होता. आपल्या निवडक लेखनाची सुधारित आणि प्रस्तावनांसह सिद्ध केलेली आवृत्ती काढावी, ही जेम्सची इच्छा होती. त्याची पुस्तके वेगवेगळ्या प्रकाशकांकडे विखुरलेली असल्यामुळे प्रत्येकाकडून परवानगी मिळवणे हे किचकट काम होते. पिंकरने ते पार पाडले, आणि स्क्रिब्नर या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने १९०७ ते १९०९ या काळात न्यूयॉर्क आवृत्तीचे चोवीस खंड काढले. या आवृत्तीच्या प्रस्तावना कादंबरीच्या समीक्षेत पायाभूत मानल्या जातात. आर्थिकदृष्ट्या मात्र ती पूर्णपणे फसली. १९०८ मध्ये जेम्सला मिळालेला पहिला हिशेब अवघ्या २११ डॉलरांचा होता. त्या धक्क्यातून तो सावरू शकला नाही.

याच संदर्भात पुढे घडलेली एक घटना उद्बोधक आहे. जेम्सची मैत्रीण आणि लोकप्रिय कादंबरीकार इडिथ व्हॉर्टन हिने १९१२ मध्ये स्क्रिब्नरशी गुप्त संगनमत केले. तिच्या स्वतःच्या मानधनातून ८,००० डॉलर वळते करून ते नव्या कादंबरीपोटी आगाऊ रक्कम म्हणून जेम्सला देऊ करावेत, असे ठरले. जेम्सला यातले काहीही कळू दिले नाही. पहिल्या ४,००० डॉलरांतून पिंकरची दहा टक्के दलाली वजा होऊन जेम्सच्या हाती ३,६०० डॉलर पडले. मैत्रिणीचे दानही बाजाराच्या रीतीने आणि दलाली चुकवूनच लेखकापर्यंत पोचले. जेम्सच्या स्वाभिमानाला उघड मदत सोसली नसती. व्यवसायाच्या वेषात आलेली मदत त्याला स्वीकारता आली. लेखकाची प्रतिष्ठा राखण्यात या व्यवहारी चौकटीचा वाटा किती मोठा होता, हे यावरून लक्षात येते.

५

पिंकरच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रकरण जोसेफ कॉन्रॅडचे आहे. कॉन्रॅड जन्माने पोलिश. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा. ऐन तारुण्याची वर्षे त्याने समुद्रावर घालवली होती. १८८४ मध्ये मुंबई बंदरात तो ‘नार्सिसस’ या जहाजावर अधिकारी म्हणून रुजू झाला होता, आणि त्या प्रवासाच्या आठवणींतून त्याची १८९७ ची एक महत्त्वाची कादंबरी सिद्ध झाली. पिंकरने त्याच्याशी १८९९ मध्ये प्रथम संपर्क साधला. कॉन्रॅडने त्याला परोपरीने परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. आपण मागणीबरहुकूम लिहू शकत नाही, मुदत पाळू शकत नाही, आणि आपल्यामुळे कोणाचाही फायदा होणार नाही, असा इशारा त्याने दिला होता. तरीही १९०० मध्ये पिंकरने त्याला आपला अशील करून घेतले. कॉन्रॅडने सांगितलेली प्रत्येक गोष्ट पुढे खरी ठरली.

१९०४ हे वर्ष विशेष कठीण गेले. कॉन्रॅडचे व्यवहार ज्या पेढीत होते ती बुडाली. त्याची पत्नी जेसी हिच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ती कायमची अधू झाली. याच वर्षी ‘नोस्ट्रोमो’ ही त्याची सर्वांत महत्त्वाकांक्षी कादंबरी प्रसिद्ध झाली, पण वाचकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. संधिवाताचे झटके, मुलांची आजारपणे आणि मनाची खिन्नता यांमुळे त्याचे लेखन वारंवार थांबे. या काळात घरभाडे, दुकानदारांची बिले, विम्याचे हप्ते असा संसाराचा सारा खर्च पिंकरच्या कार्यालयातून चुकवला जात होता. कॉन्रॅड पाने पाठवी आणि बिलेही पाठवी. एका साहित्यिक कार्यालयाचे रूपांतर लेखकाच्या घरच्या खजिन्यात झाले होते. १९०५ मध्ये सरकारी निधीतून कॉन्रॅडला ५०० पौंड मंजूर झाले, तेव्हा ते थेट त्याच्या हाती न देता विश्वस्तांकरवी हप्त्याहप्त्याने देण्यात आले, आणि तो अपमान त्याच्या मनाला झोंबला. पिंकरकडून मिळणाऱ्या पैशात दया नव्हती. तो धंद्याचा पैसा होता. म्हणूनच कॉन्रॅड तो निःसंकोच मागू शकत होता.

परंतु धंद्याच्या पैशाचा हिशेब असतो. १९०९ च्या अखेरीस कॉन्रॅडचे देणे दोन हजार पौंडांच्या वर गेले होते. दहा टक्के दराने दोन हजार पौंडांची दलाली मिळवायची तर वीस हजार पौंडांचे लेखन विकावे लागते. कॉन्रॅडच्या पुस्तकांचा तेव्हाचा खप पाहता हा आकडा कल्पनेपलीकडचा होता. तेव्हा केवळ दलालीच्या आशेने पिंकर एवढा खोल गेला, हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. आपण अडकलो आहोत, आता सोडले तर आजवरचे सारे बुडेल, हा व्यापारी विचार त्यात असणारच. परंतु हा लेखक थोर आहे ही खात्रीही त्यात होती, असे मानल्याखेरीज त्या आकड्याचा उलगडा होत नाही.

कॉन्रॅड तेव्हा रशियन क्रांतिकारकांवरील एका कादंबरीशी दोन वर्षे झुंजत होता. ती पुढे ‘अंडर वेस्टर्न आइज’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती पूर्ण होत नव्हती आणि मध्येच त्याने ‘द सीक्रेट शेअरर’ ही दीर्घकथा लिहून काढली. डिसेंबर १९०९ मध्ये पिंकरचा संयम संपला. कादंबरी लवकर हाती न आल्यास पैसे थांबवण्याची सूचना त्याने दिली. संतापलेल्या कॉन्रॅडने हस्तलिखित आगीत टाकण्याची भाषा केली. जानेवारी १९१० च्या अखेरीस कॉन्रॅड पूर्ण झालेल्या कादंबरीनिमित्त लंडनला पिंकरच्या भेटीस गेला. दोघांमध्ये कडाक्याचे भांडण झाले. त्या भरात पिंकरने कॉन्रॅडला इंग्रजीत बोलण्यास बजावले. ज्या माणसाने परक्या भाषेत लिहिण्यासाठी आपले सर्वस्व पणाला लावले होते, त्याच्या वर्मावरच हा घाव बसला. घरी परतताच कॉन्रॅड कोसळला. कित्येक आठवडे तो अंथरुणाला खिळून होता. तापाच्या भ्रमात तो पोलिश भाषेत बोले आणि कादंबरीतील पात्रांशी संवाद करी. पूर्ण झालेले हस्तलिखित जवळच पडलेले असे, आणि जेसी त्याची शुश्रूषा करी.

या प्रसंगात कोणा एकाला दोषी ठरवणे सोपे, पण अपुरे आहे. पिंकरचे शब्द क्रूर होते यात शंका नाही. मात्र ज्याच्या पैशावर दहा वर्षे एक संसार चालला, त्याला आपल्या पैशांविषयी विचारण्याचाही हक्क नसावा, असे म्हणता येत नाही. लेखकाचा वेळ विकत घेणाऱ्याला तो वेळ कधी संपणार हे विचारावेच लागते. आणि लेखकाला तर तेच सांगता येत नाही. या व्यवहाराच्या रचनेतच संघर्षाचे बीज होते. दोघांच्या स्वभावांनी ते फक्त उघड्यावर आणले.

संबंध पूर्णपणे तुटले मात्र नाहीत. काही काळ एक वकील मध्यस्थ होता, आणि पुढील सुमारे दोन वर्षे कॉन्रॅडची पत्रे परक्या माणसाला लिहावीत तशी कोरडी राहिली. पिंकरने मात्र त्याचे लेखन विकण्याचे काम चालूच ठेवले. ‘चान्स’ ही कादंबरी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात क्रमशः आली आणि जानेवारी १९१४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिला दोन्ही देशांत मोठा वाचकवर्ग मिळाला. छप्पन्न वर्षांच्या कॉन्रॅडला प्रथमच लोकप्रियता लाभली. त्यानंतरच्या काही वर्षांत देणे फिटले, जुन्या पुस्तकांना मागणी आली आणि चित्रपटाचे हक्कही विकले गेले. दुरावा जाऊन त्यांच्यात खरीखुरी मैत्री झाली. पिंकरच्या सरे परगण्यातील घरी कॉन्रॅड पाहुणा म्हणून जाऊ लागला. १९२० मध्ये दोघांनी मिळून कॉन्रॅडच्या एका कथेवरून मूकपटाची पटकथाही रचली. ती पडद्यावर आली नाही. पण एका दशकापूर्वी एकमेकांचे तोंडही न पाहणारी ही दोन माणसे एका टेबलाशी बसून लिहीत होती, हे त्यांच्या नात्याविषयी पुरेसे बोलके आहे.

६

पिंकरच्या पद्धतीच्या मर्यादा पहिल्या महायुद्धाच्या काळात उघड झाल्या. डी. एच. लॉरेन्स १९१४ मध्ये त्याच्याकडे आला. पिंकरने मेथ्यून या प्रकाशनसंस्थेशी करार करून ‘द रेनबो’ या कादंबरीसाठी ३०० पौंडांची आगाऊ रक्कम ठरवली. नवोदित लेखकासाठी ती मोठी होती. सप्टेंबर १९१५ च्या अखेरीस कादंबरी निघाली आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने अश्लील ठरून तिच्या हजारावर प्रती नष्ट करण्यात आल्या. प्रकाशकाने बचावही केला नाही. त्यानंतर ‘विमेन इन लव्ह’ या कादंबरीला कोणी ब्रिटिश प्रकाशक मिळेना. लॉरेन्स युद्धकाळात कमालीच्या दारिद्र्यात राहिला. पिंकरने त्याला वेळोवेळी रकमा दिल्या. संपन्न झालेल्या बेनेटनेही पिंकरमार्फत त्याला मदत पोचवली. पण बाजारच बंद झाला असता दलाल काय विकणार? १९२० च्या आरंभी लॉरेन्सने त्याच्याशी असलेला संबंध संपवला.

जॉइसच्या बाबतीतही असेच घडले. १९१५ मध्ये तो पिंकरचा अशील झाला. त्याची पहिली कादंबरी घेऊन पिंकरने लंडनमधील प्रकाशकांचे दरवाजे ठोठावले, पण सर्वत्र नकारच आला. अखेर ती १९१६ मध्ये न्यूयॉर्कला ह्यूब्शने आणि १९१७ मध्ये लंडनला हॅरिएट वीव्हर यांच्या ‘इगोइस्ट’ने काढली. हा मार्ग मोठ्या बाजाराचा नव्हता. लहान नियतकालिके, ध्येयवादी प्रकाशक आणि वैयक्तिक आश्रयदाते यांचा होता. जेथे लेखन विकले जाऊ शकते पण उशिराने, तेथे पिंकरची पद्धत उपयोगी पडत होती. जेथे प्रस्थापित प्रकाशक छापण्यासच धजत नाहीत, तेथे ती निरुपाय ठरली.

७

फेब्रुवारी १९२२ मध्ये व्यवसायानिमित्त न्यूयॉर्कला गेला असता पिंकरला तेथील हॉटेलात फ्लू झाला, त्याचे पर्यवसान न्यूमोनियात झाले आणि ८ फेब्रुवारीला त्याचा मृत्यू झाला. कॉन्रॅडला या वार्तेने जबर धक्का बसला. अडीच वर्षांनी, ऑगस्ट १९२४ मध्ये, तोही गेला. एजन्सी पिंकरच्या एरिक आणि राल्फ या मुलांकडे गेली. पुढे एरिक न्यूयॉर्कला स्थायिक झाला. लेखकांचे पैसे स्वतःसाठी वापरल्याच्या आरोपावरून १९३९ मध्ये त्याला तेथे तुरुंगवासाची शिक्षा झाली. लंडनचे कार्यालयही त्यानंतर टिकले नाही.

या शेवटाकडे केवळ एका घराण्याची शोकान्तिका म्हणून पाहता येणार नाही. प्रकाशकाकडून येणारा पैसा आधी एजंटाच्या हाती पडे, आणि मग लेखकाकडे जाई. वडिलांच्या काळात हाच पैसा लेखकाच्या घरी वेळेआधी पोचत होता. मुलाच्या काळात तो पोचलाच नाही. रचना तीच होती, माणूस बदलला. पिंकरने उभे केलेले सारे त्याच्या वैयक्तिक विश्वासार्हतेवर आणि पारखीवर उभे होते. त्याला संस्थेचे रूप आले नव्हते, आणि म्हणूनच ते वारशाने देता आले नाही.

पिंकरचे मूल्यमापन या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून करावे लागते. त्याने दलाली घेतली, संपत्ती मिळवली, एका थोर लेखकाला वर्मी लागेल असे बोलला. त्याच वेळी ‘नोस्ट्रोमो’पासून ‘चान्स’पर्यंतच्या दशकात कॉन्रॅड लिहीत राहिला, तो या माणसाने बिले चुकवली म्हणून. वाङ्मयाच्या इतिहासात ज्या काळाची नोंद निर्मितीचा काळ म्हणून होते, त्याची हिशेबवहीतील नोंद कर्ज अशीच होती.

मराठी साहित्यव्यवहारात हा मधला माणूस आला नाही. लेखक आणि प्रकाशक समोरासमोरच राहिले. पण लेखकाचा वेळ कोणी पोसला, हा प्रश्न येथेही तितकाच खरा आहे. ‘करमणूक’ चालवणाऱ्या ह. ना. आपटे यांनी पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापन सांभाळले. वि. स. खांडेकर यांनी शिरोड्याच्या शाळेत शिक्षकी केली. म्हणजे जे काम लंडनमध्ये एजंटाच्या उचलीने केले, ते येथे बहुतांशी नोकरीने केले. नोकरीने लेखकाला सावकाराच्या तगाद्यापासून वाचवले, परंतु त्याच्या दिवसाचा मोठा भागही घेतला. या दोन व्यवस्थांनी आपापल्या भाषेतील कादंबरीच्या आकाराला आणि वेगाला कसे वळण दिले, हा तौलनिक अभ्यासाचा एक स्वतंत्र विषय होय. आणि अशा अभ्यासात अरुंडेल स्ट्रीटवरील त्या कार्यालयाच्या हिशेबवहीला लेखकांच्या हस्तलिखितांइतकेच महत्त्व द्यावे लागेल.